कॅलिफोर्नियात क्रिमिनल जस्टिसची असोसिएट डिग्री: अर्जापासून ट्रान्सफरपर्यंत

फ्रीमाँट, क्युपर्टिनो, सॅन होजे या पट्ट्यातल्या मराठी घरात मुलीनं 'मला क्रिमिनल जस्टिस शिकायचंय' म्हटलं की आईवडिलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. यात नोकरी काय मिळणार? आणि पोलीसच व्हायचं असेल तर डिग्री कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना नीट उत्तरं आहेत. ही शाखा मला मनापासून महत्त्वाची वाटते. पोलीस, कोर्ट, प्रोबेशन, तुरुंग, ९११ चा फोन उचलणारी व्यक्ती यांच्याशी माणसाची गाठ पडते ती बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी. त्या दिवशी समोर आपली घरं, आपली बोली, आपला संकोच समजणारं कुणी असेल तर फार फरक पडतो.

कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची असोसिएट डिग्री आणि तिथून बॅचलर्ससाठी विद्यापीठात ट्रान्सफर, यांविषयीचा हा लेख कॅलिफोर्नियापुरता आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये फी, ट्रान्सफर आणि पोलीस भरती या तिन्हींचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे इथले आकडे तिकडे लावू नका. कॉलेजच्या यादीत शोधताना 'क्रिमिनल जस्टिस' सापडलं नाही तर घाबरू नका. इथल्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत हा विषय 'ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस' या नावाखाली असतो आणि विद्यार्थी त्याला सरळ 'एजे' म्हणतात.

आधी कुठे पोचायचं ते ठरवा

अर्ज भरायला अर्धा तास लागतो, पण त्याआधीच्या विचाराला एक पूर्ण रविवार द्या. कारण कोणते विषय घ्यायचे, कोणत्या कॉलेजात जायचं, दोन वर्षं लागणार की तीन, हे सगळं शेवटी कुठे पोचायचं आहे त्यावर ठरतं.

पहिली गोष्ट स्पष्ट असू द्या. डिग्री आणि पोलिसाचा बिल्ला या वेगळ्या वाटा आहेत. डिग्री मिळाली म्हणून कुणी पोलीस होत नाही. त्यासाठी 'पोस्ट' या राज्य आयोगाने मान्य केलेली अकादमी करावी लागते. तिचा बेसिक कोर्स किमान ६६४ तासांचा आहे आणि प्रत्यक्षात बहुतेक अकादमी त्याहून बरेच जास्त तास घेतात. डिग्रीचा उपयोग दुसरीकडे होतो. भरतीत तिला वजन असतं, अनेक खात्यांच्या पगार-करारांत शिक्षणाचा वेगळा भत्ता असतो, आणि पुढच्या प्रमाणपत्रांसाठी सेवेची अट कमी होते. पोस्टच्या इंटरमीडिएट सर्टिफिकेटला असोसिएट डिग्री असलेल्याला ४ वर्षांची सेवा लागते, बॅचलर्सवाल्याला २ वर्षांची.

पोलीस हा एकच रस्ता आहे असंही नाही. ९११ चे डिस्पॅचर, पुरावे सांभाळणारे टेक्निशियन, कोर्टातले क्लार्क, पीडितांना मदत करणारे ॲडव्होकेट, क्राइम ॲनालिस्ट, कम्युनिटी सर्व्हिस ऑफिसर अशा कितीतरी जागा असतात. यांतल्या काहींना असोसिएट डिग्री पुरते. प्रोबेशन ऑफिसरसाठी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्यासाठी) मात्र बऱ्याच काउंटी बॅचलर्स मागतात, आणि एफबीआयच्या स्पेशल एजंटसाठी ती लागतेच. मुलाच्या मनात यांपैकी काहीही असेल तर असोसिएट डिग्री हा अर्धा टप्पा समजून सुरुवातीपासून ट्रान्सफरचा आराखडा करा.

दुसरी गोष्ट वय. २०२२ पासून कॅलिफोर्नियात पोलीस अधिकारी म्हणून नेमणूक होताना वय किमान २१ लागतं. अठराव्या वर्षी हायस्कूल संपवलं, विसाव्या वर्षी असोसिएट डिग्री घेतली, तरी अजून एक वर्ष हातात उरतं. ते वर्ष कसं घालवायचं याचा विचार आधीच केलेला बरा. माझं मत विचाराल तर सरळ बॅचलर्सला ट्रान्सफर व्हावं, आणि सोबत एखाद्या पोलीस खात्यात कॅडेट म्हणून किंवा अर्धवेळ काम मिळतंय का पाहावं. डिस्पॅचरची जागा अठरा पूर्ण झाल्यावर अनेक ठिकाणी मिळू शकते. त्या कामासाठी पोस्टचा १२० तासांचा बेसिक कोर्स असतो आणि यंत्रणा आतून बघायला त्याहून चांगली जागा नाही.

इमिग्रेशन स्टेटस: यावर थोडं जास्त बोलावं लागेल

मराठी कुटुंबांत नेमकी हीच गोष्ट उशिरा कळते आणि मग मुलाची दोन वर्षं पणाला लागतात.

अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाला सगळे रस्ते मोकळे आहेत. ग्रीन कार्ड असलेल्यालाही राज्य पातळीवर अडचण नाही. १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात पोलीस अधिकारी होण्यासाठी नागरिकत्वाची अट उरलेली नाही, संघीय कायद्याप्रमाणे काम करण्याची परवानगी असावी एवढंच लागतं. मात्र एफबीआय, बॉर्डर पट्रोल अशा संघीय खात्यांना नागरिकत्व हवंच.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असलेल्या मुलांचं गणित कठीण आहे. एच-४ वर काम करण्याची परवानगी काही जोडीदारांना मिळते, मुलांना नाही. शिवाय २१ पूर्ण झाले की मूल आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही, म्हणजे नेमकं पोलीस भरतीचं वय येतं तेव्हाच त्याचं स्टेटस संपतं. व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक बाळगण्यावरही संघीय कायद्याचे कडक निर्बंध आहेत. ग्रीन कार्डची रांग लांब असेल तर या मुलांनी हा विषय शिकू नये असं मी म्हणणार नाही, पण पोलिसाच्या नोकरीवर सगळा भरवसा ठेवू नका. समाजशास्त्र, संख्याशास्त्र किंवा डेटाकडे वळता येईल असे विषय सोबत घ्या आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी विसाव्या वाढदिवसाच्या आत बोला.

पुण्या-मुंबईहून थेट एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येऊन ही डिग्री करण्याचा विचार असेल तर माझा सल्ला सरळ आहे: इथे स्थायिक होण्यासाठी हा रस्ता निवडू नका. डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, जास्तीत जास्त एक वर्ष काम करता येतं, सर्वसाधारण क्रिमिनल जस्टिसला स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) विषयांसारखी मुदतवाढ मिळत नाही आणि या क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या सरकारी असतात. न्यायवैद्यक शिकण्याची खरी ओढ असेल तर रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राचा पाया घेऊन त्या बाजूने या.

आणखी एक वर्ग आहे: भारतात एलएलबी किंवा बीए करून लग्नानंतर इथे आलेल्या, आता कामाची परवानगी असलेल्या स्त्रिया. तुम्हाला साठ युनिटची (युनिट म्हणजे कोर्सचं वजन मोजण्याचं एकक) पूर्ण डिग्री बहुधा लागणार नाही. आधी भारतातल्या पदवीचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्या. ती बॅचलर्सच्या बरोबरीची ठरली तर अनेक काउंटींच्या जाहिरातींतली शिक्षणाची अट तिथेच पूर्ण होते. मग एजेचे तीन-चार विषय किंवा एखादं छोटं सर्टिफिकेट घेतलं की इथला कायदा आणि इथली भाषा हाताशी येते.

कोणती डिग्री: 'एएस' की 'एएस-टी'

एकाच कॉलेजात एकाच विषयाच्या दोन डिग्र्या दिसतील. साधी एएस ही कॉलेजची स्वतःची डिग्री. एएस-टी, म्हणजे असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, ही २०१० च्या एका राज्य कायद्यातून आलेली. ट्रान्सफरची थोडी जरी शक्यता असेल तर डोळे झाकून एएस-टी घ्या. ती घेतलेल्याला आणि किमान अटी पूर्ण केलेल्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे सीएसयूच्या, कुठल्या ना कुठल्या कॅम्पसमध्ये तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी असते आणि तिथे उरलेली ६० सेमिस्टर युनिट करून बॅचलर्स पूर्ण करता येते. हमी एखाद्या ठरावीक कॅम्पसची मात्र नसते. काही कॅम्पसमध्ये क्रिमिनल जस्टिसला मागणी जास्त असते आणि तिथे चांगला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, लागतो.

एएस-टीचा साचा राज्यभर सारखा आहे. एकूण ६० सेमिस्टर युनिट, किमान जीपीए २.०, आणि मेजरच्या, म्हणजे मुख्य शाखेच्या, प्रत्येक विषयात सी किंवा त्याहून वरचा ग्रेड. मेजरचे निदान १८ युनिट. 'इंट्रोडक्शन टु ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस' आणि 'कन्सेप्ट्स ऑफ क्रिमिनल लॉ' हे दोन सगळ्यांना सक्तीचे. मग कोर्टाची प्रक्रिया, पुराव्याचा कायदा, गुन्ह्याचा तपास, फॉरेन्सिक, समाज आणि न्यायव्यवस्था, करेक्शन्स, बालगुन्हेगारीची प्रक्रिया यांतून दोन. उरलेले दोन साधारणपणे संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांसारख्या विषयांतून.

कोर्ट, पुरावा, तपास वगैरेंच्या यादीतून दोन निवडताना मी पुराव्याचा कायदा सोडू नका असं सांगेन. फॉरेन्सिकचा वर्ग टीव्हीमुळे लवकर भरतो, पण कोर्टात काय टिकतं आणि काय टिकत नाही हे कळलं की बाकी सगळे विषय सोपे होतात.

मेजरखेरीज 'कॅल-गेट्सी' नावाचा सर्वसाधारण शिक्षणाचा संच आहे. शरद २०२५ पासून सीएसयू आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया दोन्हींसाठी हा एकच संच चालतो: ११ कोर्स, ३४ युनिट, आणि प्रत्येकात किमान सी. इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार, वक्तृत्व, गणित किंवा संख्याशास्त्र, कला, समाजशास्त्रं, प्रयोगशाळेसह विज्ञान आणि एथ्निक स्टडीज असं त्यात येतं. समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा एकच कोर्स मेजर आणि कॅल-गेट्सी दोन्हीकडे मोजता येतो, त्यामुळे तो हुशारीने निवडा. सीएसयूला अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना यांचीही वेगळी अट आहे. इतिहासाचा एक आणि राज्यशास्त्राचा एक योग्य कोर्स कम्युनिटी कॉलेजातच घेतला तर ती इथेच स्वस्तात मिटते.

कॉलेज निवडणं, खर्च आणि अर्ज

राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. बे एरियात फ्रीमाँटचं ओलोन, क्युपर्टिनोचं डी ॲन्झा, सॅराटोगाचं वेस्ट व्हॅली, सॅन होजेचं एव्हरग्रीन व्हॅली ही आपल्या लोकांना जवळची. डी ॲन्झा क्वार्टर पद्धतीवर चालतं, तिथे ६० ऐवजी ९० क्वार्टर युनिट लागतात आणि वर्ग बारा आठवड्यांत संपतो. वेग झेपणाऱ्यांना ते बरं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने सेमिस्टरवालं कॉलेज घ्यावं. निवडताना संकेतस्थळावरचे फोटो पाहू नका, येत्या दोन सत्रांचं वेळापत्रक उघडा. क्रिमिनल लॉ आणि पुराव्याचा कायदा दरवर्षी शिकवतात का, संध्याकाळी किंवा ऑनलाइन मिळतात का, हे पाहा. वर्षातून एकदाच येणारा विषय हुकला की ट्रान्सफर वर्षभर लांबतं.

राज्याच्या रहिवाशाला फी आहे युनिटला ४६ डॉलर. म्हणजे साठ युनिटचे २,७६० डॉलर, अधिक पार्किंग, आरोग्य वगैरे किरकोळ शुल्क आणि पुस्तकं. रहिवासी नसलेल्याला त्यावर युनिटमागे काहीशे डॉलर जास्त पडतात, म्हणून रहिवासाचा प्रश्न आधी सोडवा. सत्र सुरू होण्याआधी ठरलेल्या तारखेच्या मागे एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात वास्तव्य आणि इथेच राहण्याचा हेतू, हे दाखवावं लागतं. एच-१बी आणि एच-४ वाल्यांनाही हे सिद्ध करता येतं, एफ-१ वाल्यांना नाही. टॅक्स रिटर्न, भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. व्हिसा पाहून कारकुनाने आपोआप 'नॉन-रेसिडेंट' टाकलं असेल तर गप्प बसू नका, पुनर्विचाराचा अर्ज मागा.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनी फाफ्सा, म्हणजे संघीय आर्थिक मदतीचा अर्ज, भराच. 'आमचं उत्पन्न जास्त आहे, आपल्याला काय मिळणार' असं म्हणून आपल्याकडे तो सोडून दिला जातो. कम्युनिटी कॉलेजात पहिल्यांदाच पूर्णवेळ शिकणाऱ्यांना अनेक कॉलेजं पहिली दोन वर्षं फी माफ करतात आणि त्यासाठीही फाफ्सा मागतात. उत्पन्न कमी असेल तर कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमध्ये ते ४६ डॉलर पूर्ण माफ होतात. राज्याच्या 'कॅल ग्रँट' या मदतीची मुख्य मुदत २ मार्च धरून चाला.

प्रवेशाचा अर्ज 'सीसीसी अप्लाय' वर होतो, मोफत आहे. तिथे 'शैक्षणिक ध्येय' विचारतात. 'ठरवलं नाही' लिहू नका. असोसिएट डिग्रीसह ट्रान्सफर हा पर्याय आणि मेजर म्हणून ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस निवडा, कारण आर्थिक मदत आणि नावनोंदणीतला क्रम त्यावर अवलंबून असतो. मूल अजून हायस्कूलमध्ये असेल तर ड्युअल एन्रोलमेंटमधून एजेचा पहिला विषय अकरावी-बारावीतच घेता येतो आणि त्याची फी बहुधा लागत नाही. आवड खरी आहे की मालिकांतून आलेली, हे त्या एका वर्गात कळतं.

प्लेसमेंट परीक्षेची भीती आता नको. २०१७ च्या कायद्यानंतर हायस्कूलच्या गुणांवरून विद्यार्थ्याला थेट ट्रान्सफर पातळीच्या इंग्रजी आणि गणितात घेतात.

काउन्सेलर आणि पहिलं सत्र

नावनोंदणीआधी काउन्सेलरची वेळ घ्या आणि पूर्ण दोन वर्षांचा 'एज्युकेशन प्लॅन' लेखी करून घ्या. भेटीला जाताना तीन गोष्टी सोबत न्या: कोणत्या कॅम्पसला जायचंय त्यांची नावं, 'असिस्ट' या राज्याच्या संकेतस्थळावरून काढलेली त्या कॅम्पसची विषय-जुळणी, आणि हायस्कूल किंवा इतर कॉलेजांचे गुणपत्रक. एका काउन्सेलरने एक आणि दुसऱ्याने दुसरं सांगितलं तर असिस्टवर जे छापलंय ते खरं मानायचं.

पूर्णवेळ म्हणजे १२ युनिट, पण दोन वर्षांत साठ करायचे तर सत्राला १५ लागतात. प्रत्येक युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून आठवड्याला साधारण ३ तास धरले तर १५ युनिट म्हणजे ४५ तास. नोकरी करणाऱ्याने हे गणित स्वतःशी खरं बोलून करावं. नऊ युनिट घेऊन बी मिळवणं हे पंधरा घेऊन दोन विषय सोडण्यापेक्षा कधीही चांगलं. विषय सोडायचाच असेल तर पहिली मुदत गुणपत्रकावर काही न उमटण्याची आणि दुसरी 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची नोंद) मिळण्याची. दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये पहिल्याच दिवशी टाका.

पहिल्या सत्रात इंट्रोडक्शनचा वर्ग, इंग्रजी, संख्याशास्त्र आणि एथ्निक स्टडीज घ्या. क्रिमिनल लॉ दुसऱ्या सत्रात. गणित पुढे ढकलत नेणारी मुलं शेवटच्या सत्रात अडकतात. सीएसयूच्या ट्रान्सफरसाठी लेखन, वक्तृत्व, चिकित्सक विचार आणि गणित हे चारही आदल्या स्प्रिंगपर्यंत पूर्ण झालेले असावे लागतात.

अभ्यास कसा करायचा: एक केस आणि एक रिपोर्ट

हा पाठांतराचा विषय नाही. पेनल कोडचं कलम पाठ असून उपयोग नाही, त्याचे घटक सुटे करता आले पाहिजेत. कलम ४५९ ची बर्गलरी, म्हणजे घरफोडी, घ्या. आत शिरणं, ती जागा कायद्यात बसणारी असणं, आणि शिरताना चोरीचा किंवा एखाद्या फेलनीचा (गंभीर गुन्ह्याचा) हेतू मनात असणं. शिरल्यानंतर हेतू झाला तर बर्गलरी उरत नाही. दुकान उघडं असताना ९५० डॉलरच्या आतल्या वस्तूसाठी शिरला तर मतदारांनी मंजूर केलेल्या २०१४ च्या प्रपोझिशन ४७ या कायद्यापासून ते शॉपलिफ्टिंग. आणि पुन्हापुन्हा चोरी करणाऱ्यांसाठी २०२४ च्या प्रपोझिशन ३६ ने नियम परत कडक केले. म्हणून कुणाच्या भावाच्या जुन्या नोट्स घेऊन क्रिमिनल लॉला बसू नका.

निकाल वाचताना त्याचा 'ब्रीफ' काढण्याची सवय पहिल्या महिन्यात लावा. टेरी विरुद्ध ओहायो, १९६८. तथ्यं: ऑक्टोबर १९६३, क्लीव्हलँड. मॅकफॅडन हा अनुभवी डिटेक्टिव्ह दोन माणसांना पाहतो. ती आळीपाळीने एका दुकानासमोरून जातात, काचेतून आत डोकावतात, परत येऊन बोलतात. असं दोघांचं मिळून डझनभर वेळा. मग तिसरा येऊन बोलून जातो. डिटेक्टिव्हला दरोड्याची तयारी वाटते. तो जवळ जातो, ओळख सांगतो, नावं विचारतो, पुटपुटलेलं उत्तर येतं, तो टेरीचे कपडे बाहेरून चाचपतो आणि ओव्हरकोटात पिस्तूल सापडतं. प्रश्न: अटकेइतकं ठोस कारण नसताना माणसाला थांबवून चाचपणं हे चौथ्या घटनादुरुस्तीत (झडती आणि अटकेवर मर्यादा घालणाऱ्या) बसतं का? निकाल: आठ विरुद्ध एक मतांनी, बसतं. कारण: अनुभवी अधिकाऱ्याला नेमक्या, सांगता येतील अशा गोष्टींवरून गुन्ह्याचा आणि शस्त्राचा वाजवी संशय आला, तर स्वतःच्या आणि इतरांच्या सुरक्षेपुरतं बाहेरून चाचपता येतं. 'मला तसं वाटलं' एवढं पुरत नाही.

या चार ओळी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिल्यावर पाचवी लिहा: न्यायमूर्ती डग्लस एकटे विरोधात का होते? पोलिसाला न्यायाधीशापेक्षा जास्त अधिकार मिळतोय, ही त्यांची चिंता होती. रस्त्यावर कोणाला थांबवलं जातं हा वाद आजही तिथूनच सुरू होतो. वर्गात त्यावर बोलायला तयार राहा. आपल्या मुलांना घरी मोठ्यांसमोर मत मांडायची सवय कमी असते, आणि या विषयात गप्प राहिलेल्याला कुणी शिफारसपत्र देत नाही.

रिपोर्ट लिहिण्याचा सराव तेवढाच महत्त्वाचा. 'तो दारू प्यायलेला होता' हा निष्कर्ष झाला. 'त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता, डोळे लाल होते, शब्द अडखळत होते, गाडीतून उतरताना त्याने दाराचा आधार घेतला' ही निरीक्षणं झाली आणि कोर्टात हीच टिकतात. प्रथमपुरुषी, घडलं त्या क्रमाने, कर्ता स्पष्ट. चांगला पंचनामा ज्यांनी वाचलाय त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. इंग्रजी लेखनाचा वर्ग म्हणूनच या डिग्रीतला सगळ्यात व्यावहारिक वर्ग आहे.

वर्गाबाहेरचं काम आणि स्वच्छ पाटी

स्थानिक पोलीस खात्याकडे 'राइड-अलाँग' साठी अर्ज करता येतो, गस्तीच्या गाडीत एक पाळी बसून पाहायला मिळतं. कोर्टाच्या बहुतेक सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात. एखादी सकाळ काउंटीच्या क्रिमिनल कोर्टात आरोपनिश्चितीचं कामकाज ऐकत बसा. एका प्रकरणाला किती थोडी मिनिटं मिळतात हे पाहिलं की पुस्तकातला प्ली बार्गेनिंगचा (गुन्हा कबूल करून केलेल्या तडजोडीचा) धडा वेगळा दिसतो.

पोलीस किंवा तत्सम नोकरीत पार्श्वभूमीची तपासणी फार खोल असते: राहिलेले पत्ते, जुन्या नोकऱ्या, नातेवाईक, कर्ज, वाहतुकीचे दंड, बोटांचे ठसे, वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी. जुनी किरकोळ चूक बऱ्याचदा माफ होते. ती लपवली तर होत नाही. आजच एक वही करा आणि सगळे पत्ते, तारखा, वरिष्ठांची नावं लिहून ठेवा. भारतातले पत्तेही लिहा. पाच वर्षांनी ते आठवत नाहीत. क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढू देऊ नका. आणि ग्रीन कार्डवाल्या घरांनी एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी: गांजा कॅलिफोर्नियात चालत असला तरी संघीय कायद्याने तो गुन्हा आहे आणि त्याचं सेवन नागरिकत्वाच्या अर्जात भोवू शकतं.

पोलीसच व्हायचं ठरलं तर पोस्टची वाचन-लेखनाची प्रवेश परीक्षा, पेलेट-बी, दुसऱ्या वर्षात देऊन पाहा. तिचे गुण सरासरी ५० धरून मोजतात. अटक आणि शस्त्रांची तोंडओळख करून देणारा 'पीसी ८३२' हा ६४ तासांचा कोर्स काही कॉलेजांतच मिळतो. तो राखीव किंवा मर्यादित अधिकारांच्या काही जागांना लागतो. काही अकादमी कम्युनिटी कॉलेजांशी जोडलेल्या असतात आणि अकादमीतल्या प्रशिक्षणाला युनिट मिळतात, हेही काउन्सेलरला विचारून ठेवा.

शेवटचं वर्ष: तारखा

ट्रान्सफरचा अर्ज डिग्री मिळायच्या बराच आधी जातो. पुढच्या फॉलसाठी (शरदातल्या सत्रासाठी) सीएसयूचा अर्ज 'कॅल स्टेट अप्लाय' वर १ ऑक्टोबरला उघडतो आणि नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास मुख्य मुदत संपते. जवळ सॅन होजे स्टेटचा जस्टिस स्टडीज विभाग आहे, हेवर्डला सीएसयू ईस्ट बे आहे, थोडं लांब सॅक्रामेंटो स्टेटचा क्रिमिनल जस्टिस विभाग. अर्जात 'एएस-टी घेत आहे' ही खूण न विसरता करा, हमी तिच्यावरच चालते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, बाजूला अर्व्हाइनचा क्रिमिनॉलॉजी, लॉ अँड सोसायटी हा विभाग नावाजलेला आहे. यूसीच्या सहा कॅम्पसच्या प्रवेश-हमीसाठी वेगळा अर्ज सप्टेंबरात, १ ते ३० तारखेच्या आत करावा लागतो, आणि तिथे २.० जीपीए पुरत नाही.

साठ युनिट झाले की डिग्री आपोआप येते असा समज अनेकांचा असतो. तसं बऱ्याच कॉलेजांत होत नाही. कॉलेजच्या मुदतीत ग्रॅज्युएशनसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि एएस-टी पूर्ण होत असल्याचं कॉलेजने सीएसयूला कळवावं लागतं. जानेवारीत काउन्सेलरकडे जाऊन हे दोन्ही झालंय का ते पडताळा. दुसऱ्या कॉलेजात उन्हाळ्यात एखादा विषय घेतला असेल तर त्याचं अधिकृत गुणपत्रक आपल्या कॉलेजात आणि सीएसयूकडे, दोन्हीकडे पाठवा. स्प्रिंगचे ग्रेड लागले की शेवटचं गुणपत्रक पुन्हा पाठवायचं असतं आणि त्याची मुदत साधारण जुलैत येते. मिळालेला प्रवेश केवळ या एका कागदावाचून रद्द होऊ शकतो, म्हणून पाठवल्यावर नव्या कॅम्पसच्या पोर्टलवर 'मिळालं' असं दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.